तेरा गोळ्या उरल्या

औषधांच्या दुकानात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे कात्री. चोवीस वर्षांत माझ्या सात कात्र्या झिजल्या. आदिलाबादच्या बसस्टँडपासून चालत तीन मिनिटांवर माझं दुकान आहे. तामसी, इंद्रवेल्ली, बेला इकडून बसने उतरलेला माणूस आधी डॉक्टरकडे जातो, मग चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "दोन दिवसाच्या द्या." चिठ्ठीवर पाच दिवसांच्या असोत की महिन्याच्या. त्याचं म्हणणं सरळ असतं, दोन दिवसांत ताप उतरला तर उरलेल्या गोळ्यांचं करायचं काय? मग मी पट्टी कापतो. पट्टीच्या एका टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. ते टोक शेवटपर्यंत शाबूत राहील अशा बेताने उलट बाजूने कापत यायचं, ही या धंद्यातली पहिली शिस्त. ती मी एकदाही मोडलेली नाही, हे मी लिहून देऊ शकतो. बाकी सगळ्या बाबतीत तसं लिहून देता येणार नाही, आणि हा लेख त्या बाकीच्याबद्दल आहे.

पूर्वी मनाच्या आजाराची चिठ्ठी आमच्याकडे नांदेड, यवतमाळ नाहीतर नागपूरची असायची. गेली काही वर्षं आमच्याच गावात मंगळवारी आणि शनिवारी या आजाराच्या डॉक्टर मॅडम बसतात. त्यांच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या तरी माझ्याकडे येतात, कारण माझं दुकान त्यांच्या दवाखान्याच्याच रस्त्याला, त्याच अंगाला आहे. त्यात डिप्रेशनच्या चिठ्ठ्या बऱ्याच. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच सांगतो की ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. पहिले आठ-पंधरा दिवस ती फायदा कमी आणि त्रास जास्त देते. मळमळ होते, तोंडाला कोरड पडते, झोप इकडेतिकडे होते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. तोवर ती रोज, न चुकता घ्यायची. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत बरेच महिने चालू ठेवायची आणि बंद करायची तीही डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू. कात्रीवर चालणाऱ्या धंद्यात हे औषध बसत नाही. दोन दिवसांच्या गोळ्या नेणारा माणूस तिसऱ्या दिवशी येऊन सांगतो, "फरक नाई पडला."

गिऱ्हाइकंही तऱ्हेतऱ्हेची. महसूल खात्यातले एक कारकून काउंटरवर वाकून म्हणायचे, "मामला खानगी हाय सेठ, पंचनामा नको." आपल्या गोळ्या पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत भरून द्या, असा त्यांचा आग्रह. मी नाही म्हणालो. चुकीच्या डबीतलं औषध घरातल्या दुसऱ्या कोणी घेतलं तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मी त्यांना खाकी पाकीट दिलं, आणि पुढे अशा गिऱ्हाइकांसाठी खाकी पाकिटं वेगळी ठेवू लागलो. बेल्लमपल्लीचे एक खाणकामगार महिन्यातून एकदा एवढ्या लांब येत. तिकडे दुकानं नाहीत असं नव्हे. "क्वार्टरमध्ये एकाच्या घरी खोकला आला त् पूर्ण लाइनीले माहीत होते," ते म्हणायचे. आणि एक गणिताचे मास्तर होते. जास्त उदास वाटलं त्या दिवशी दोन गोळ्या, बरं वाटलं त्या दिवशी शून्य. मी हटकलं तर म्हणाले, "सरासरी एक येते की नाही?" सरासरी बरोबर येत होती. त्यांना पुन्हा डॉक्टर मॅडमकडे पाठवायला मला दोन महिने लागले.

माझी एक वही आहे. बीपी आणि शुगरवाल्यांची नावं, किती गोळ्या नेल्या आणि कोणत्या तारखेला त्या संपायला पाहिजेत, एवढंच तिच्यात. तारखेनंतर तीन दिवसांत माणूस आला नाही तर मी फोन करतो. आमच्या सौभाग्यवती त्या वहीला हजेरीपट म्हणतात. मनाच्या गोळ्यांची गिऱ्हाइकं मात्र मी त्या वहीत कधी घेतली नाहीत. लोकच सांगायचे, नाव लिहू नका. मलाही ते सभ्यपणाचं वाटायचं.

आता पथ्याबद्दल. आमच्या भागात औषध घेणारा प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारतो. कधी घ्यायची, आणि पथ्य काय? वांगं चालेल का, दही चालेल का, अंबाडीची भाजी चालेल का? अंबाडी आणि चिंच तर आमच्याकडे रोजच्या जेवणात. डॉक्टर म्हणाले, "काही पथ्य नाही, सगळं खा," की माणसाचा चेहरा उतरतो. ज्या औषधाला पथ्य नाही ते औषध हलकं, अशी समजूत. तेव्हा मी, समोरच्याचं समाधान व्हावं म्हणून, स्वतःच एखादं पथ्य लावून द्यायचो. बहुतेक वेळा "आंबट बंद करा." यात नुकसान काय, असं मला वाटायचं. माणूस जरा गंभीरपणे औषध घेईल, एवढाच हेतू. ही सवय मला धंदा शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सेठजींची. त्यांच्याकडून घेतली आणि चोवीस वर्षं वापरली.

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका शनिवारी मारोतीभाऊ दुकानात आले. तामसीकडचे, पन्नाशीचे, भाजीचा मळा. कोथिंबीर, मेथी, वांगी. त्यांची बायको कलावतीबाई आठवड्याच्या बाजाराला भाजी घेऊन येत असत, पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चिठ्ठी त्यांच्या नावावर होती. रोज एक गोळी, तीस दिवस.

"पूर्ण महिन्याच्या द्या," मारोतीभाऊ म्हणाले. हे ऐकून मला बरं वाटलं. मग दुकानात दुसरं कोणी नाही असं पाहून ते पुढे वाकले. "सेठ, चार महिने झाले, तिनं बाजार सोडला. केस विंचरत नाई. बसली त् बसलीच राहते. घरात कोणी गेलं नाई, भांडण नाई, मळा बी बरा हाय. मंग काऊन असं होते?"

"आजार आहे भाऊ. शुगर काऊन होते, तसंच."

"मॅडम बी तेच म्हणे." मारोतीभाऊंनी आवाज आणखी उतरवला. "तिनं मॅडमले सांगतलं का मले आता जगू वाटत नाई. माह्या समोर सांगतलं. मॅडम म्हणे, तिले एकटं सोडू नका, गोळ्या तुमच्यापाशी ठेवा, तिच्या हाती एकच द्या. दर मंगळवारी बोलायच्या बाईकडे बी आणा म्हणे. आता मळा सोडून दर मंगळवारी कसं जमन?"

बोलायच्या बाई म्हणजे मॅडमच्या दवाखान्यातल्या समुपदेशक, सुरेखाताई. किनवटच्या. आमच्याकडे त्यांना हेच नाव पडलं आहे. मी म्हणालो, जमवा. ते हो म्हणाले, पण ते हो कच्चं होतं.

"पथ्य काय?" त्यांनी विचारलं.

"मॅडमनी काय सांगितलं?"

"त्या म्हणते, कायी नाई, सगळं खा. मंग हे औषध हाय का पेपरमिंट?"

मी हसलो आणि नेहमीचं वाक्य बोललो. आंबट बंद करा. आणि रिकाम्या पोटी देऊ नका, जेवल्यावरच द्या. पहिलं माझ्या मनाचं होतं. दुसरं चिठ्ठीतलंच होतं, पण मी ते पहिल्याच्या जोडीला, त्याच दमदार आवाजात सांगितलं. मारोतीभाऊंनी दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. माझ्या तोंडून पथ्य निघालं, तेव्हा कुठे ते औषध त्यांना औषध वाटलं.

तीस दिवस झाल्यावर मंगळवारी ते परत आले. हातात नवी चिठ्ठी. मॅडमनी गोळीची ताकद दुप्पट केली होती, कारण महिनाभरात काहीच फरक नव्हता. चिठ्ठीबरोबर त्यांनी कागदाची एक पुडी काउंटरवर ठेवली.

"हे उरल्या. वापस घेता का? वाया जातीन."

मी पुडी उघडली. कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे होते. मी मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. तीस दिवसांसाठी तीस दिल्या होत्या.

"भाऊ, हे उरल्या कशा?"

"आता उपास असते ना तिचे," मारोतीभाऊ सहज म्हणाले. "सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. उपासाले जेवण कुठं? तुमीच सांगतलं, जेवल्याबिगर देऊ नका. अन् दोन डाव पाहुणे होते, घरात अंबाडी केली होती, तिनं बी दोन घास खाल्ले. पथ्य मोडलं म्हणून त्या दिवशी बी नाई देल्ली. पथ्य मोडल्यावर गोळी उलटते."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी बोट ठेवून मोजलं. त्या तीस दिवसांत सोमवार पाच, गुरुवार चार, एकादश्या दोन, चतुर्थी एक. एक एकादशी सोमवारीच आली होती, म्हणजे अकरा. अंबाडीचे दोन. तेरा. हिशोब इतका चोख जुळला की मारोतीभाऊंना बोल लावायला कुठेच जागा राहिली नाही. त्यांनी माझं सांगणं अक्षरशः पाळलं होतं.

"मॅडमला हे सांगितलं?"

"त्यायनं विचारलं, गोळी देता का? म्या म्हटलं, देतो."

ते खोटं बोलले नव्हते. मग हळूच म्हणाले, "परवा मले न सांगता मळ्याच्या पार टोकाले जाऊन बसली होती. म्या धावत गेलो. काऊन आली म्हटलं, त् म्हणे, कायी नाई. तिचं कायी नाई ऐकलं का मले भेव लागते."

तेव्हा माझ्या मनात जे आलं तेही इथे लिहितो. एक सोपी वाट होती. नव्या चिठ्ठीच्या गोळ्या द्यायच्या, मारोतीभाऊंना सांगायचं की आता उपास असो की अंबाडी, रोज द्या, आणि विषय संपवायचा. मॅडमना कळायचं कारण नव्हतं. माझ्या दुकानात येणाऱ्या त्यांच्या चिठ्ठ्याही तशाच येत राहिल्या असत्या. पण ज्या गोळीवर फरक नाही म्हणून ताकद वाढवली, ती गोळी धड पोटात गेलेलीच नव्हती. मॅडमचा निर्णय माझ्या चुकीवर उभा होता. मी पुडी खिशात घातली, मारोतीभाऊंना बरोबर घेतलं आणि शटर ओढलं. मंगळवारी भर दुपारी माझं शटर ओढलेलं शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. तो बाहेर येऊन म्हणाला, "काका, कोन गेलं?"

दवाखान्याच्या बाकावर कलावतीबाई बसल्या होत्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. शेतात राबलेले मोठे हात मांडीवर पालथे पडलेले. समोरून लोक येत-जात होते, त्यांचे डोळे कोणाच्याही मागे जात नव्हते.

मॅडम तेलुगू आहेत. माझ्याशी हिंदीत बोलतात. मी मारोतीभाऊंच्या समोरच सगळं सांगितलं आणि तेरा गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"मैंने साफ कहा था, पथ्यम कुछ नहीं," त्या म्हणाल्या. "आपने किस हिसाब से लगाया?"

"आदत से, मॅडम."

"आदत से." त्यांनी नवी चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन फाडली. "इस पेशंट के पास खोने के लिए एक महीना नहीं था. आपको मालूम है?"

मला मालूम होतं. त्यांनी पुन्हा आधीचीच गोळी लिहिली, आधीच्याच ताकदीची, आणि चिठ्ठीवर तारीख दोनदा गिरवली. आज पहिला दिवस समजा, म्हणाल्या.

मग सुरेखाताईंना बोलावलं. आतापर्यंत त्यांच्याकडे चारपैकी एकच मंगळवार झाला होता. त्यांनी मारोतीभाऊंना बाजूला बसवलं, खुर्ची ओढून कलावतीबाईंच्या समोर घेतली आणि सरळ त्यांनाच विचारलं, "ताई, गोळी टाळावीशी वाटली का तुम्हाला?"

कलावतीबाईंनी मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्या कायले टाळू? देल्ली का घेतो. नाई देल्ली का नाई घेत."

"आणि जेवण?"

"उपास असते."

"उपास नसतो त्या दिवशी?"

"जेवू वाटत नाई." मारोतीभाऊ खाली पाहत होते. भूक मेलेली बाई उपासाच्या आडोशाला महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, हे त्या खोलीत आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं.

सुरेखाताईंनी सांगितलं ते साधं होतं. गोळी रोज सकाळी, पोटात जे काही जाईल त्यानंतर. साबुदाणा, भगर, दूध, केळं, हे सगळं पोटात गेलं म्हणजे गेलंच. ऊन कोवळं असताना मारोतीभाऊंबरोबर मळ्याच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. झोपायची आणि उठायची वेळ एकच ठेवायची, दुपारी पडून राहायचं नाही. मन असो की नसो, दिवसातून एक काम करायचं, पण एकच. मेथीचा एक वाफा खुडायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि मंगळवार चुकवायचा नाही.

"मंग हे पथ्य समजू का?" मारोतीभाऊंनी विचारलं.

मॅडम नको म्हणाल्या. तो शब्दच नको, त्याने आधीच एक महिना खाल्ला. सुरेखाताई म्हणाल्या, "समजू द्या मॅडम, त्याशिवाय ते पाळणार नाहीत. पण मारोतीदादा, एक नीट ऐका. हे पथ्य मोडलं तरी गोळी बंद नाही. चालणं झालं नाही, वाफा राहिला, सगळं राहिलं, तरी गोळी. म्हणा."

"सगळं राह्यलं, तरी गोळी," मारोतीभाऊ म्हणाले.

निघताना मी कलावतीबाईंना विचारलं, माझ्या वहीत तुमचं नाव लिहू का, म्हणजे मला फोन करून विचारता येईल. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लिहा," म्हणाल्या, "मी काय चोरी करून राह्यली?"

विकलेला, कापलेला माल परत घ्यायचा नाही, हा माझा नियम. त्या तेरा गोळ्या मी घेतल्या आणि नष्ट केल्या. त्या घरात जादा गोळ्या असणं बरं नव्हतं. महिन्याची पट्टी एकदम द्यायची नाही, दर मंगळवारी सातच, असंही मॅडमनी सांगितलं. मनाच्या गोळ्यांची पट्टी कापून नेऊ नका असं बाकी गिऱ्हाइकांना सांगणारा मी, त्यांच्यासाठी दर आठवड्याला मोजून कापत होतो.

घरी जेवताना सगळं सांगितलं तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मला महिन्यात सहा उपास असतात. तुमच्या दुकानात येणाऱ्या बायकांतल्या निम्म्यांना असतील. जेवणानंतर म्हणजे उपासाच्या दिवशी कधी, हा प्रश्न चोवीस वर्षांत तुम्हाला पडला नाही?" पडला नव्हता. मला कोष्टकं जमतात, प्रश्न पडत नाहीत, असं त्यांचं जुनंच मत आहे.

रोज सकाळी नऊ वाजता मी मारोतीभाऊंना फोन करायचो. "झाली का?" "झाली." एवढंच. पहिल्या आठवड्यात मळमळ होती, ती नवव्या-दहाव्या दिवशी गेली. दुसरा आठवडा जास्त काळजीचा, असं मॅडमनी बजावलं होतं. अंगात थोडी ताकद आधी येते, मन मागाहून वर येतं, त्या मधल्या दिवसांत माणसाला सांभाळावं लागतं. मारोतीभाऊंनी बहिणीला राहायला आणलं. चौदा फोन, चौदा वेळा "झाली." पंधराव्या दिवशी मात्र ते म्हणाले, "सेठ, आकडा पुरा होऊन राह्यला, मानूस तसाच हाय." मी दवाखान्यात ऐकलेलंच पुन्हा सांगितलं. माझा स्वतःचा विश्वास त्या दिवशी किती होता, ते सांगता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात एक वाफा खुडून झाल्यावर मारोतीभाऊंनी, हात चालतोच आहे तर दुसराही खुड, असं म्हटलं, आणि कलावतीबाई दोन दिवस पुन्हा खाटेवर. मंगळवारी सुरेखाताईंनी त्यांना चांगलं झापलं. "मी एक म्हटलं होतं ना दादा? तुम्हाला मोजता येत नाही का?"

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी नऊच्या फोनवर मारोतीभाऊ "झाली" म्हणालेच नाहीत. मी हातातली कात्री खाली ठेवली.

"अहो सेठ," ते म्हणाले, "तिनं मले शिव्या देल्ल्या."

"काय झालं?"

"वांग्याले कीड लागली म्हणे, दिसून नाई राह्यली का तुमाले, सहा महिने काय झोपले होते का? मलेच म्हणते, झोपले होते का." हसता हसता ते तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग मी विचारलं, गोळी? "घेतली ना," ते म्हणाले, "हातातून हिसकून घेतली."

गोळीने किती केलं, बोलण्याने किती, सकाळच्या चालण्याने किती, याची वाटणी मला करता येत नाही. एकदा मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तीन जणांनी मिळून गाडी ढकलली तर कोणी किती ढकलली हे विचारता का?

चौथ्या महिन्यात मारोतीभाऊ म्हणाले, आता बरी हाय, बंद करू का? सणाच्या दिवसांत गोळी कशाला? मी काही बोलायच्या आत, बरोबर आलेल्या कलावतीबाईंनीच उत्तर दिलं, "तुमाले बाहेरून बरी दिसतो. आतून कसं होतं ते मले माहीत हाय. मॅडम म्हणत नाई तोवर नाई."

इथपर्यंतचं सांगायला मला संकोच वाटत नाही. पुढचं वाटतो. त्या तेरा गोळ्यांनंतर मी बसून आठवलं, मनाच्या गोळ्या नेणाऱ्या आणखी किती जणांना मी आंबट बंद करायला सांगितलं होतं. अकरा जण आठवले. त्यांची नावं मी कुठे लिहिली नव्हती. बिलांवरून, फोनवरून, बसच्या कंडक्टरला विचारून आठ जण सापडले. त्यातल्या पाच जणांनी पथ्य पाळलं होतं, आणि त्या पाचांतल्या दोघांनी पथ्य मोडलं त्या दिवशी गोळी सोडली होती. सगळ्यांना मी चूक सांगितली आणि मॅडमकडे पाठवलं. गणिताचे मास्तर मला म्हणाले, "तुमचा नमुना लहान आहे सेठ, पण निष्कर्ष बरोबर आहे." उरलेले तीन सापडले नाहीत. एकजण इंद्रवेल्लीच्या बसने यायचा, हिरवी पिशवी घेऊन. पिशवी आठवते, चेहरा आठवत नाही. पुढे तो कधी दुकानात आला नाही. तो बरा झाला म्हणून आला नाही, की दुसरं काही, हे मला माहीत नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही.

आता पथ्य विचारलं तर मी म्हणतो, एकच आहे, एकही दिवस चुकवायची नाही आणि मनाने बंद करायची नाही. लोकांना हे पथ्य थोडं फिकं वाटतं. वाटू दे.

कलावतीबाईंची गोळी वर्षाहून जास्त चालली. मग मॅडमनी ताकद उतरवत नेली आणि बंद केली. यंदा पोळा झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीशी उभ्या होत्या, हातात रिकामी टोपली. सवयीने मी उठलो. काय देऊ, म्हणालो.

"कायी नाई. बसले टाइम हाय. सावलीत बसू का?"

मी स्टूल दिलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे पाहत बसल्या. जाणारे-येणारे त्यांना दिसत होते. बाजारात कोणी आपल्या कोथिंबिरीवर पाणी जास्त मारलं होतं, तेही त्यांनी मला सांगितलं. मग आपणहून म्हणाल्या, "मॅडम म्हणे, हे पुन्हा येऊ शकते. झोप उडाली, जेवू वाटलं नाई, पंधरा दिवस तसंच राह्यलं त् घरी बसायचं नाई, यायचं."

"भीती वाटते का?"

"वाटते ना." त्यांनी रिकामी टोपली मांडीवर घेतली. "पण मांगच्या वख्ती मले वाटे का मीच तशी झाली. मीच खराब झाली. ते येगळं हाय, मी येगळी हाय, हे कोणं सांगतलंच नोतं."

स्टँडच्या बाजूने मारोतीभाऊंनी हाक मारली, तामसीची बस लागली होती. कलावतीबाई उठल्या, टोपली कमरेला लावली आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "आता आलं त् वळखीन मी त्याले."